लाउंज सूट, पदकांसह

मराठी माणसाला १४ जानेवारी म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक संक्रांत, दुसरं पानिपत. पुण्यात वानवडी, फातिमानगर, साळुंके विहार या पट्ट्यात राहणाऱ्यांना तिसरीही आठवते, ती म्हणजे माजी सैनिक दिन. त्या दिवशी सकाळी या भागातल्या बऱ्याच घरांत तिन्ही एका वेळी चाललेलं असतं. स्वयंपाकघरात तिळगूळ, पलंगावर आमंत्रणपत्रिका आणि कपाटाच्या आरशासमोर ब्लेझरचं पानिपत.

मी स्वतः फौजेतला नव्हे. बँकेतून निवृत्त झालो. बँकेनं निरोपाच्या दिवशी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यानंतर मी काय नेसतो आणि काय पांघरतो याची चौकशी तिनं एकदाही केलेली नाही. पण आमच्या इमारतीत शेजार सगळा फौजी. समोरच्या दारात कर्नलसाहेब, मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. वरच्या मजल्यावर नौदलातले कमांडर. तळमजल्यावर मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना सगळी इमारत मॅडम म्हणते, त्यांच्या घरची मोलकरीणसुद्धा. या तिघांकडे जानेवारी उजाडला की कार्ड येतं. प्रमुख पाहुणे कोण, भाषण कुणाचं, हे कुणी वाचत नाही. सगळ्यांचे डोळे थेट खाली डाव्या कोपऱ्यात जातात. तिथं बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं : 'पोशाख – लाउंज सूट अथवा कॉम्बिनेशन, पदकांसह.'

खरी संक्रांत येते ती इथून.

तुम्ही म्हणाल, यात अवघड काय? ज्यानं तीस वर्षं रोज कडक इस्त्रीचे कपडे घातले त्याला एक कोट घालता येऊ नये? मेख तिथंच आहे. त्यानं कपडे घातले. निवडले कधीच नाहीत. फौजेत कुठल्या प्रसंगाला काय घालायचं ते आदेशात येतं. हिवाळी वर्दी कुठल्या तारखेपासून, बाह्या दुमडायच्या कधी, सोडायच्या कधी, हेसुद्धा. थंडी वाजली म्हणून स्वेटर घालायची पद्धत तिथं नाही. आदेश निघाला की थंडी वाजते. आपण बाकीच्यांनी कपड्यांतले सगळे गाढवपणे कॉलेजात उरकून घेतले. बेलबॉटम झाली, फुलाफुलांचा शर्ट झाला, साखरपुड्यातला तो तपकिरी सफारी झाला. तिशीपर्यंत आपल्याला काय शोभत नाही, एवढं तरी कळून चुकलं. कर्नल मात्र ५४व्या वर्षी निवृत्त होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा उघड्या कपाटासमोर एकटा उभा राहतो. त्याचे गाढवपणे तिथून सुरू होतात, आणि तेही जनरलसाहेबांच्या देखत.

बरं, जुनी वर्दीच चढवावी म्हटलं तर ती वाटही बंद. नोकरी संपली की वर्दी घालून हिंडायचं नाही, हा साधा दंडक. मुळात सैनिक नसताना लोकांना तसं भासावं म्हणून तो वेष करणाऱ्यासाठी जुन्या दंडसंहितेत कलम १४० होतं : तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नव्या न्याय संहितेत दंडाचा आकडा २,००० वर गेला. कॅम्पातले शिलाईचे दर बघता सूट शिवण्यापेक्षा दंड भरलेला परवडेल, असं कमांडर एकदा जिन्यात म्हणाले. कर्नलसाहेब त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

या कटकटीतून एकाच जातीचा माणूस सुटतो, तो म्हणजे फील्ड मार्शल. फील्ड मार्शल निवृत्तच होत नाही. वर्दी शेवटपर्यंत त्याची. आणि इथं एक गंमत आहे. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस का? तर १९५३ साली त्या दिवशी करिअप्पा निवृत्त झाले म्हणून. फौजेचे पहिले भारतीय सेनापती. पुढं १९८६ साली, पंच्याऐंशी उलटून गेल्यावर, सरकारनं त्यांना फील्ड मार्शल केलं. म्हणजे तेहेतीस वर्षं कोट-टाय सांभाळल्यावर त्यांची निवृत्ती जणू रद्दच झाली. ज्यांच्या निवृत्तीचा दिवस म्हणून देशभरचे पेन्शनर ब्लेझर झटकतात, ते स्वतः पेन्शनरांत मोडतच नाहीत! मी हे कर्नलसाहेबांना मोठ्या उत्साहानं सांगितलं तेव्हा ते श्वास रोखून मधलं बटण लावत होते. "त्यांना वर्दी बसत होती," एवढंच ते म्हणाले. आणि बटण सुटलं.

कर्नलसाहेबांचा ब्लेझर गडद निळा. निवृत्त व्हायच्या वर्षी शिवलेला, म्हणजे रोज पहाटे पीटी करणाऱ्या माणसाच्या मापाचा. खिशावर जरीच्या तारेनं भरलेलं पलटणीचं चिन्ह, त्यावर इस्त्री फिरली तर ते काळं पडतं, म्हणून घरात त्या कोटाला हात लावायची कुणाला परवानगी नाही. पितळी बटणांवरही तेच चिन्ह. असली बटणं लक्ष्मी रोडला मिळत नाहीत. एक हरवलं तर बेळगावला, रेजिमेंटल सेंटरमध्ये कुणाला तरी गाठावं लागतं. पीटी थांबली, शिरा थांबला नाही. कॅम्पातला त्यांचा शिंपी दर वर्षी शिवण उसवून थोडं कापड सोडत आला. २०२५ साली सेना दिनाची परेड दिल्ली सोडून खडकीला, बॉम्बे सॅपर्सच्या मैदानावर झाली, तेव्हा तर त्याच्याकडे रेशनच्या दुकानासमोर लागावी तशी रांग होती. तो कर्नलसाहेबांना अदबीनं म्हणाला, "साहेब, आता आत कापड राहिलं नाही. यापुढं जे काही करायचं ते आपल्यालाच करावं लागेल."

मग बंदगळ्याचा विचार निघाला. बंदगळा हा लाउंज सूट धरायचा की नाही, यावर आमच्या जिन्यात मी जे ऐकलं आहे त्यावरून सांगतो, काश्मीर प्रश्न त्यामानानं सोपा असावा. एक पक्ष म्हणतो, राष्ट्रपती भवनात चालतो तर इथं का नाही? दुसरा म्हणतो, कार्डावर लिहिलेलं नाही, विषय संपला. बंदगळ्याचा फायदा असा की पोट सरळ रेषेत येतं. तोटा असा की गळ्याचा हूक साठीनंतर हनुवटीच्या दुसऱ्या घडीत रुततो आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत चेहरा जांभळा होतो. पण कर्नलसाहेबांचा खरा आक्षेप वेगळाच. बंदगळ्यात टाय दिसत नाही.

पलटणीचा टाय ही काय चीज आहे ते आपल्याला कळायचं नाही. आपल्या लेखी तो पट्ट्यापट्ट्यांचा टाय. पण दोन अनोळखी म्हातारे डेक्कन क्वीनमध्ये समोरासमोर बसावेत, एकाचं लक्ष दुसऱ्याच्या गळ्याकडे जावं, आणि कर्जत यायच्या आत दोघांनी कुठल्याशा नाल्यापलीकडची टेकडी बोटानं खिडकीच्या काचेवर काढून दाखवावी, हे मी पाहिलेलं आहे. आपल्या पलटणीचा नसलेला टाय घालणं हा त्यांच्यात चोरीहून मोठा गुन्हा. कर्नलसाहेबांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, एकदा कपाट आवरताना तसलाच एक जादा टाय भाच्याला देऊन टाकला. भाचा तो बांधून एका कंपनीच्या मुलाखतीला गेला. लिफ्टमध्ये त्याला एक उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ भेटले. टायकडे बघून त्यांचा चेहरा उजळला. "वा! कुठली बटालियन?"

"सर, मार्केटिंग," भाचा म्हणाला.

पुढं काय झालं ते भाचा सांगत नाही. टाय मात्र कुरिअरनं परत आला.

पदकांचं मात्र तसं नाही. पदकांचे नियम पक्के आहेत, आणि म्हणूनच पदकं लावताना निवृत्त फौजी माणूस दिवसभरात पहिल्यांदा सुखी दिसतो. स्वतःची पदकं डाव्या छातीवर. वडिलांची किंवा नवऱ्याची, ते हयात नसतील तर, उजवीकडे. सर्वांत मानाचं पदक छातीच्या मध्याकडे, मग उतरत्या क्रमानं दंडाकडे. दिवसा पूर्ण आकाराची, रात्री मेसच्या खान्याला चिमुकली. रात्री लहान का, असं मी विचारलं तेव्हा कमांडर म्हणाले, "टेबलावर वाकल्यावर सूपमध्ये बुडत नाहीत." हे कारण त्यांनी तिथल्या तिथं रचलं असणार, पण मला पटलं.

आम्हा सिव्हिलियनांना पदकांची भारी उत्सुकता. मागल्या प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर सोसायटीचे सेक्रेटरी कर्नलसाहेबांच्या छातीशी चष्मा नेऊन एकेका पदकाबद्दल विचारत होते. पराक्रमाच्या कथा ऐकायच्या म्हणून बायका-पोरंही गोळा झाली.

"हे कशाचं?"

"नऊ वर्षं नोकरी केल्याचं."

"आणि हे?"

"वीस वर्षं."

"हे तिसरं?"

"ते तीस वर्षांचं."

"बरं, हे?"

"१९९७ साली स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा मी नोकरीत होतो."

सेक्रेटरींचा चेहरा पडत चालला. पोरं जिलेबीकडे वळली. "मग हे पांढरं-निळं?"

"ते... जरा बर्फात होतो," कर्नलसाहेब म्हणाले आणि चहा घ्यायला निघून गेले. ते सियाचीनचं होतं हे मला वहिनींकडून कळलं. किती महिने, तिथं काय झालं, ते त्यांनाही ठाऊक नाही.

एवढे नेमके नियम, पण ते करणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार केला नव्हता, तो म्हणजे पदराचा. पदकं डावीकडे, आणि पदरही डाव्या खांद्यावर! ब्लाउजला लावली तर पदराखाली जातात, पदराला लावली तर चार पदकांच्या वजनानं पदर खाली येतो आणि पैठणी असेल तर पिनांनी फाटते ती वेगळीच. गंमत म्हणजे परमवीर चक्र, मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं, हे ज्यांनी रेखाटलं त्या सावित्रीबाई खानोलकर. माहेर युरोपातलं, सासर मराठी, साडी नेसणाऱ्या, मराठी आणि संस्कृत शिकलेल्या. पण त्या काळी पदकं जायची ती कोटांवर. फौजेनं १९९२ पासून नर्सिंग आणि डॉक्टरकीपलीकडच्या शाखांतही बायका घ्यायला सुरुवात केली. त्या तुकड्यांमधल्या बायकांनाही आता निवृत्तांच्या समारंभाची कार्डं येतात, आणि कोपऱ्यात लाउंज सूटच लिहिलेलं असतं. आमच्या मॅडमनी कुणाला विचारत न बसता तोड काढली. पदराच्या आतून बकरमची पट्टी, ती ब्लाउजच्या खांद्याला दोन टाक्यांनी पक्की, आणि त्या पट्टीवर पदकांची पिन. झुळूक आली तरी पदक हलत नाही. मी कौतुक केलं तर म्हणाल्या, "अहो, टाके घालण्यातच नोकरी गेली माझी. आणि हे पेशंट तर हलतही नाहीत."

कमांडरांचं दुःख निराळं आहे. नौदलवाले कपड्यांच्या बाबतीत मुळातच शौकीन. रेड सी रिग नावाचा त्यांचा एक संध्याकाळचा पोशाख आहे, तांबड्या समुद्राच्या उकाड्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी कोट उतरवून ठेवला त्यातून आलेला : पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, काळी पँट, कमरेला कमरबंद. कमांडरांच्या मते मनुष्यजातीनं एवढा एकच शहाणा पोशाख शोधला. पण त्यांच्या निवृत्तीनंतर नौदलाला भारतीय व्हायची घाई झाली. २०२३ सालचा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, आणि अॅडमिरल लोकांच्या खांद्यांवरच्या पट्ट्यांवर शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी खूण आली. कमांडर मालवणचे. "आयुष्यभर मी साहेबाच्या वळणाच्या पट्ट्या वाहिल्या, आणि महाराज आले ते मी उतरल्यावर," असं ते अजून म्हणतात. पट्ट्या अॅडमिरलांच्या बदलल्या, कमांडरला त्या तशाही मिळाल्या नसत्या, हे त्यांना सांगणार कोण?

लगेच २०२४ मध्ये नौदलानं मेसमध्ये कुर्ता-पायजमा चालेल असं जाहीर केलं. मी म्हटलं, चला, सुटलात! त्यांनी मोबाइलवर बातमी काढून दाखवली. कुर्ता एकरंगी हवा. लांबी गुडघ्याच्या किंचित वर. बाह्यांना बटणं किंवा कफलिंक. पायजमा पँटच्या घाटाचा, कमरेला इलॅस्टिक, बाजूला खिसे. वर बिनबाह्यांचं जॅकेट, खिशात जुळणारा रुमाल. जहाजावर आणि पाणबुडीत मनाई. माणसानं आंघोळ करून जे सहज अंगात घालायचं, त्याचीही यांनी वर्दी करून टाकली.

इतर देशांत बरं चालतं असं समजू नका. लंडनमध्ये दर मे महिन्यात जुने घोडदळवाले हाइड पार्कात संचलन करतात. गडद सूट, छातीवर पदकं, डोक्यावर गोल बोलर हॅट आणि हातात घट्ट गुंडाळलेली छत्री. पाऊस आला तरी ती कुणी उघडत असेल असं वाटत नाही. अमेरिकेत निवृत्तांना लग्न, अंत्यविधी, परेड अशा प्रसंगी चक्क वर्दी घालायची मुभा आहे. "मुभा असून काय," कर्नलसाहेब म्हणाले, "चेन लागायला हवी ना."

तर यंदाच्या समारंभाला मी कर्नलसाहेबांचा पाहुणा म्हणून गेलो. मैदानावर शामियाना, खुर्च्यांवर पांढरी कापडं, बँड. पाचशे ब्लेझर तरी असतील. त्यांतले निम्मे बटणं न लावता 'उकडतंय' म्हणत उभे. एका वयस्कर ब्रिगेडियरांच्या बुटाचा तळ चालता चालता सुटला. बरीच वर्षं खोक्यात जपून ठेवलेले बूट, वरून आरशासारखे, खालून भुगा. ते थांबले नाहीत. तळ हिरवळीवर पडला, ते तसेच पुढं जाऊन ताठ उभे राहिले आणि पुष्पचक्र वाहिलं. एक मेजर लाजत खिशातला तिळगूळ काढत होते. घरून निघताना बायकोनं दिलेला, आता अस्तराला चिकटलेला.

तेवढ्यात साताऱ्याकडचे एक हवालदार आले. अपशिंगे मिलिटरीच्या पंचक्रोशीतले. त्या गावाच्या नावातच मिलिटरी आहे. कर्नलसाहेबांच्या हाताखाली होते. पांढरा स्वच्छ नेहरू शर्ट, पांढरं धोतर, पायात करकरीत वहाणा, डोक्यावर गुलाबी फेटा आणि शर्टावर डावीकडे पदकं, अगदी ओळीत. सत्तरी जवळ आलेला माणूस, पण एक सुरकुती कापडावर नाही. अख्ख्या मैदानात अंगाला नीट बसलेला पोशाख तो एकच. त्यांनी कर्नलसाहेबांना पाहिलं, टाचा जुळवल्या आणि असा काही सॅल्यूट ठोकला की शेजारचा वेटर सरबताचा ट्रे घेऊन सावधान झाला.

कर्नलसाहेबांचा हात निघाला आणि कानाशी जाऊन अडकला. फौजेत उघड्या डोक्यानं सॅल्यूट करत नाहीत. हवालदारांच्या डोक्यावर फेटा होता. कर्नलसाहेबांच्या डोक्यावर काहीच नव्हतं, केसही फारसे नव्हते. तो हात मग कान खाजवून आला आणि खाली येऊन त्याचा नमस्कार झाला. तोही पुरा व्हायच्या आत हवालदारांनी त्यांना मिठी मारली. पाठीमागं फेटा हे नियमानुसार शिरस्त्राण धरायचं का, यावर दोन निवृत्त मेजर जनरलांत चर्चा सुरू झाली. ती आम्ही निघालो तेव्हाही चालू होती.

"कार्डावर लाउंज सूट लिहिलं होतं," कर्नलसाहेब म्हणाले. रागानं नव्हे, नुसती माहिती म्हणून.

"व्हय साब, नातवानं वाचलं की. मी म्हनलं, ते सायबांसाठी असंल. आपल्याला काय, झेंड्याला जातो तेच कपडे."

त्या दिवशी सगळ्यांनी त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतले. ज्यांच्या छातीवर त्यांच्याहून दुप्पट पदकं होती त्यांनीही.

चार दिवसांनी कर्नलसाहेबांनी मला चहाला बोलावलं. ब्लेझर जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात दिसला. टेबलावर फूलस्केप कागद होता आणि त्यावर ठळक अक्षरांत शीर्षक : 'माजी सैनिकांसाठी पर्यायी पोशाख – सूचना'. पुढच्या वर्षी आपण नेहरू शर्ट आणि फेट्यात जाणार, आणि पलटणीतल्या सगळ्यांनी यावं म्हणून पत्र पाठवणार, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. मी कागद वाचू लागलो. मुद्दा १ : नेहरू शर्ट, पांढरा, सुती, लांबी गुडघ्याच्या वर चार बोटं. मुद्दा २ : बटणं, चार, पांढरी. मुद्दा ३ : धोतर, निऱ्या, संख्या... तिथं जागा कोरी होती, वहिनींना विचारायचं होतं. मुद्दा ४ फेट्याचा. रंग, लांबी, पीळ झाले होते, शेमल्यापाशी गाडी अडली होती. त्यांनी माझ्यासमोरच साताऱ्याला फोन लावला.

"शेमला कुठल्या बाजूला सोडायचा?"

पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मग आवाज आला, "वारा न्हेईल तिकडं जातोय की साब."

कर्नलसाहेबांनी मान डोलावली आणि लिहिलं : 'शेमला – वाऱ्याच्या दिशेस.' मग पेन ओठांवर टेकवून जरा विचार केला आणि पुढं भर घातली : 'सर्वांचा एकाच बाजूस.'